लॅपटॉपचं बासन

एखाद्या घरात कोणत्या वस्तूला किती मान आहे, हे घरच्यांना विचारावं लागत नाही. कशाला कशाला कव्हर शिवलंय तेवढं बघावं. आमच्या चंदगड तालुक्यात तर हे पटकन कळतं, कारण इथला पाऊस कुणाची भीडभाड ठेवत नाही. जूनमध्ये एकदा लागला की सप्टेंबरपर्यंत जे उघडं राहील त्याला ओल तरी धरते, नाही तर बुरशी तरी. चामड्याची चप्पल कोपऱ्यात पडून राहिली तर तिच्यावर हिरवट लव उगवते. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. पापड वाकतात. अशा मुलखात माणसं वस्तू झाकायला शिकतात आणि मग कोरड्या दिवसांतही झाकतच राहतात.

पूर्वी ट्रान्झिस्टरला चामड्याचं कव्हर असे, आवाज बाहेर यावा म्हणून पुढे भोकं पाडलेलं. मग टीव्ही आला. त्याला समोरून पडदा, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची परडी. मिक्सरला झालरीचा झगा. काही घरांत गॅसच्या सिलिंडरला परकर नेसवलेला मी पाहिलाय. त्यातून सिलिंडरची अब्रू वाचते की घराची, हे विचारायचं धाडस कधी झालं नाही. शिलाई मशीनला तर स्वतःच्याच पोटी शिवून घेतलेलं कव्हर असतं, वर साखळी टाक्यात भरलेली मोराची जोडी. या सगळ्या मानकऱ्यांच्या मागून लॅपटॉप घरात शिरला. किमतीनं सगळ्यांच्या वर, आणि अंगावर सूत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याची, मुंबईची, बंगळुरूची पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली आणि रेंजच्या शोधात माळावर, देवळाच्या पायरीवर, मिळेल तिथे बसून नोकऱ्या करू लागली. तोवर लॅपटॉप म्हणजे शहरातल्या ऑफिसातलं प्रकरण होतं. आता तो पडवीत आला. कोंबडी त्याच्यावरून चालत गेली. काजूच्या बिया सोलून आलेल्या हातांनी कुणी तरी तो उचलून बाजूला ठेवला आणि झाकणावर बोटं उमटली. तेव्हा घरातल्या बायकांच्या लक्षात आलं की या वस्तूला काहीतरी शिवायला पाहिजे.

दुकानात चारशे-पाचशे रुपयांत बरं कव्हर मिळतं हे मला ठाऊक आहे. घरी शिवलेलं त्याहून स्वस्त पडतं असंही नाही. फोम, चेन, अस्तर आणि बेळगावचं जाणं-येणं धरलं तर महागच पडतं. पण ज्या घरात मशीन आहे आणि मशीनवर बसणारी आत्ती आहे, त्या घरात विकतचं कव्हर आणणं म्हणजे आंबा दारात असताना बाजारातून लोणचं आणणं.

आमच्या आत्तीनं लॅपटॉप हातात घेतला तो बंदच. आत काय चालतं यात तिला रस नव्हता, बाहेरून केवढा एवढंच हवं होतं. गळ्यातली टेप काढून तिनं लांबी घेतली, पुन्हा घेतली, आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "चौदा इंची म्हणालास न्हवं? ह्यो तर साडेबाराच हाय. दीड इंच कुणी खाल्लं?"

मी सांगितलं, चौदा इंच ही पडद्याची मोजणी, आणि पडदा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात.

"तिरकं मोजून इकायचं? मग आमचं लुगडं बी तिरकंच मोजून द्या म्हणावं."

यावर कुठल्याही कंपनीकडे उत्तर असेल असं वाटत नाही. पण लॅपटॉपचं कव्हर शिवायला बसलेल्या नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. दुकानदारानं सांगितलेला आकडा कापडावर काही कामाचा नाही. टेपनं मापलेलं खरं. चौदा इंची लॅपटॉप साधारण ३२ सेंटीमीटर रुंद आणि २२ सेंटीमीटर उंच भरतो. पण सपाट पिशवीत जाड वस्तू घालायची तर जाडीही रुंदीतूनच जाते. म्हणून ३२ मध्ये जाडीचे दोन मिळवायचे, आत-बाहेर करायला एक सेंटीमीटर सैल सोडायचं, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर माया ठेवायची, की ३८ होतात. फोम आतून जागा खातो, त्याला आणखी थोडं द्यावं लागतं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हा हिशेब शिकवावा लागत नाही. आत्तीनं तो तोंडानं केला आणि निघालेला आकडा खडूनं फरशीवर लिहिला.

खरा प्रश्न आत काय घालायचं हा. फोम हे सोपं उत्तर. पण आमच्याकडे फोम येण्याआधीपासून वाकळ आहे. बाकीचा महाराष्ट्र जिला गोधडी म्हणतो ती. विरलेली लुगडी, धोतरं, परकराचे तुकडे एकावर एक अंथरून, मोठ्या सुईनं कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. पलीकडे कर्नाटकात तिचीच कौदी होते, आणि हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका शिवतात ती कवंद तर आता देशाबाहेरच्या प्रदर्शनांपर्यंत गेलीय. लॅपटॉपसाठी वाकळेचा तुकडा फार चांगला. जुनं सुती कापड इतकं मऊ झालेलं असतं की पत्र्याला ओरखडा उठत नाही, आणि चार-पाच थर टाक्यांनी एकमेकांना धरून बसलेले असल्यामुळे आत सरकत नाहीत. मात्र वाकळेकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ती ओरखडे वाचवते, टेबलाच्या कडेचा धक्का सोसते. माळ्यावरून लॅपटॉप खाली आला तर वाकळ त्याच्याबरोबर खाली येते, एवढंच.

घोंगड्याचाही विचार झाला. पट्टणकोडोलीकडचं घोंगडं आमच्या घरात आहे. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं, अंगावर घेतलं तर पावसाची सर वरच्यावर ओघळून जाईल असं. या भागातले गुराखी आणि भातलावणीची माणसं याच घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसच्या दिवस पावसात उभी राहिली, तेव्हा एका यंत्राचं त्याला काय जड? पण घोंगडं टोचतं, त्याची लोकर सुटून बारीक फटीत शिरते, आणि त्याला मेंढराचा वास येतो. माळावर तो वास चालतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बॅगेतून लॅपटॉप काढताना चालेल की नाही, हे मी ऑफिसवाल्यांवर सोडतो. शेवटी बाहेरून जाड खादी, मध्ये फोम आणि आतून आजीच्या इरकलीचा तुकडा असं ठरलं.

फोम आणि चेन आणायला बेळगाव. चंदगड तालुका मूळचा बेळगाव जिल्ह्यातलाच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एकटा चंदगड मागे ठेवून कोल्हापूरला जोडला. कागदावर आम्ही कोल्हापूरकर झालो. पण कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ, त्यामुळे लग्नाचा बस्ता असो की अस्तराचं कापड, पाय अजून खडेबाजार आणि गणपत गल्लीकडेच वळतात. राज्यांच्या सीमा ठरवणाऱ्यांनी चेन आणि बटणं कुठून आणायची हा प्रश्न विचारात घेतला असता तर नकाशा वेगळा झाला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग मशीन. १९२४ साली गांधीजींना कुणी तरी विचारलं होतं, तुमचा सरसकट सगळ्या यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी शिलाई मशीनला सूट दिली. मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ती एक, आणि सिंगरनं ती बायकोचे हातशिलाईचे कष्ट बघून, तिच्यावरच्या प्रेमापोटी काढली, असा त्यांचा समज होता. १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेणारा खरा आयझॅक सिंगर प्रेमात कमी नव्हताच. फक्त ते एका बायकोवर मावत नव्हतं. त्यानं एकाहून अधिक संसार थाटले होते आणि मुलांची संख्या वीसच्या वर गेली होती. इतक्यांचे कपडे हातानं शिवणं कुणालाच शक्य नव्हतं, तेव्हा गांधीजींचा अंदाज अगदीच चुकला असंही म्हणवत नाही.

घरची पायमशीन ब्लाउज, झबली, उशांचे अभ्रे यांच्यासाठी असते. तिच्यापुढे फोम धरला की ती रुसते. वरचा फूट फोमला चिकटतो, खालचे दाते कापड ओढत राहतात, वरचं जागेवर थांबतं आणि टीप आपल्या मनानं वळण घेते. सुई १६ किंवा १८ नंबरची लावायची, टाका लांब करायचा, आणि फोमवर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तिच्यावरून टीप मारायची. फूट कागदावरून सुळकन जातो. नंतर कागद टाक्यांच्या कडेनं फाडून काढायचा. सुईनं आधीच ओळीनं भोकं पाडलेली असल्यामुळे तो चर्रकन सुटतो. पूर्ण कधीच सुटत नाही. आमच्या कव्हराच्या आतल्या शिवणीत उसाच्या दराची अर्धी बातमी अजून अडकलेली आहे. दर वाढला की नाही ते कळत नाही, कारण तो भाग फाटून आला.

तोंड कसं बंद करायचं यावर घरात दोन तट पडले. पोरांना चेन हवी होती. चेन दिसायला छान, पण धातूची असली तर प्रत्येक वेळी लॅपटॉपच्या कडेला घासते. लावायचीच तर नायलॉनची लावावी आणि तिच्या आतून कापडाची पट्टी द्यावी. वेल्क्रो दणदणीत आवाज करतो आणि सगळे दोरे, केस, कुसळं गोळा करतो. आत्तीचं मत नाडीच्या बाजूनं. वर पाकिटासारखी झडप आणि तिला दोन वेढे घेऊन बांधायची नाडी. "पोथीला चालतीया ती ह्येला न चालायला काय झालं?"

आणि हे अगदी खरं आहे. लिहिलेलं जपायचं तर कापडात बांधायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. पोथ्या बासनात बांधल्या. पेशव्यांच्या कारभाराचे कागद रुमालांत बांधले, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते हजारो रुमाल अजून आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासून तीन-चार वर्षांत त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते याच गाठी सोडून. गावोगावच्या तलाठ्याचं दप्तरही कापडातच बांधलेलं असायचं; आता सातबारा लॅपटॉपमध्ये गेला आणि दप्तराच्या फडक्याचं काम संपलं. आमच्याच तालुक्यात, कोवाडला ताम्रपर्णीच्या काठी, रणजित देसाई राहायचे. त्यांची 'स्वामी' १९६२ मध्ये आली. त्या काळच्या लेखकाचं हत्यार सांभाळायला पेनाचं टोपण पुरत असे. आताच्या लेखकाला फोम लागतो, एवढाच काय तो साहित्यातला बदल मी खात्रीनं सांगू शकतो.

पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत हल्ली खणाची, इरकलीची लॅपटॉप कव्हरं दिसतात, किंमतही भरजरी असते. ती वाईट नसतात. पण खण बाहेरून लावतात आणि आत पातळ स्पंज घालतात, तेव्हा मला ते कापडाचं चुकीच्या जागी झालेलं पोस्टिंग वाटतं. चांगलं, मऊ, वापरून मुरलेलं कापड लॅपटॉपच्या अंगाला लागायला हवं आणि जाडंभरडं जगाच्या अंगाला. चार्जरचा कप्पाही बाहेरून वेगळा हवा, नाही तर त्याचा ठोकळा पडद्यावर दाब देत बसतो. हे कप्प्यांचं शास्त्र आपल्याला नवं नाही. पानवाल्या आजोबांच्या चंचीत सुपारी, कात, तंबाखू आणि अडकित्ता यांना स्वतंत्र घरं होती आणि चुना कधी सुपारीला लागत नव्हता.

राहिला पाऊस. कापडी कव्हर पाणी अडवत नाही, हे स्वच्छ समजून चालावं. वडापात खिडकीजवळ बसायचं असेल तर वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळावा, खताच्या पोत्याच्या आतली जाड पिशवी तर सर्वांत उत्तम. पण घरी पोचल्यावर ती लगेच काढावी. प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवलं की आतली दमट हवा आतच राहते, आणि ओल बाहेरून येण्यापेक्षा आतून वाईट. लॅपटॉप चालू ठेवून नुसतं झाकण मिटून कव्हरात सारू नये. पुरता बंद करावा, हाताला गार लागू द्यावा, मगच नाडी बांधावी. ऊब माणसाला सोसते, बॅटरीला सोसत नाही.

ज्यांना शिवायचं आहे त्यांनी कापड एप्रिल-मेमध्येच आणावं. सुती कापड आणि खादी पहिल्या पाण्यात आटतात, म्हणून कापण्याआधी ती पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी लागतात, आणि मिरगाचा पाऊस धरला की चंदगडात तसलं ऊन थेट दसऱ्याच्या सुमाराला मिळतं.