पाणी कुठवर येतं?

अण्णांच्या दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ची, वरची २०२१ची. काळ नदी दुकानात कुठवर चढली होती, त्याच्या त्या खुणा. अण्णा बिरवाडीत पंप आणि पाइप विकतात, आणि जगातली कुठलीही वास्तू त्या रेघांना लावून बघतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले तरी आधी जोतं बघणार, मग नवरा-नवरी.

लेक बारावीचे पेपर देऊन मोकळी झाली आणि म्हणाली, अर्थशास्त्र शिकायचंय, तेही केंद्रीय विद्यापीठात. २०२२पासून या विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाला सीयूईटी ही सामाईक परीक्षा असते. एका परीक्षेवर बनारसही धरता येतं आणि हैदराबादही. नाक्यावर लगेच चर्चा: लोणेऱ्याचं विद्यापीठ एसटीच्या वाटेवर असताना ही कुठे निघाली? लोणेऱ्याला तंत्रशास्त्र, हिला हवं अर्थशास्त्र. हा फरक नाक्याला पटवण्यात कुणी वेळ घालवू नये. अण्णांची शंका निराळीच होती. वर्षाची फी ऐकून ते म्हणाले, "ही महिन्याची असणार." वर्षाचीच आहे हे कळल्यावर तर जास्तच घाबरले. "एवढी स्वस्त मोटर मी कधी घेत नाय. डोळ्यांनी बघितल्याबिगर पोर पाठवायची नाय."

मला बरोबर घेतलं ते हिंदीसाठी. अण्णांच्या हिंदीत क्रियापदं मराठी असतात.

आधी बनारस. महानगरी एक्सप्रेसनं उतरलो. विद्यापीठाचा मुख्य दरवाजा ज्या भागात आहे त्याला लंका म्हणतात. अण्णांनी घरी फोन लावला, "पोचलो गो लंकेत. बाय बरी हाय." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

मालवीयजींनी १९१६ साली उभं केलेलं हे विद्यापीठ १३०० एकरांचं, रस्ते अर्धवर्तुळाकार. गोवा हायवेवर वाढलेला माणूस तिथे हमखास चुकायचा. अण्णा चुकले नाहीत, कारण ते पुढेच सरकत नव्हते. दर इमारतीपाशी थांबायचं, खिशातली टेप काढायची, जमिनीपासून पायरी, पायरीपासून उंबरा मोजायचा, मग तळहात भिंतीला टेकवून डोळे मिटायचे. ओल असली की तळव्याला कळते म्हणे. एका प्राध्यापकांना ते बांधकाम खात्याचे साहेब वाटले. त्यांनी नमस्कार करून वाट सोडली.

लेक अभ्यासक्रम, वसतिगृह, ग्रंथालयाच्या वेळा लिहून घेत होती. अण्णा उंबरे लिहीत होते. वही एकच, दोन्ही बाजूंनी सुरू केलेली.

"गंगा किधर तक चढते?" एका रिक्षावाल्यानं कपाळाला हात लावला. "गंगा मइया की मर्जी." मर्जीवर चालणाऱ्या नद्या अण्णांच्या ओळखीच्या. त्यांनी वहीत फुली मारली.

मग हैदराबाद. गच्चीबावलीचं हे विद्यापीठ १९७४ सालचं. आत शिरलो आणि अण्णा जागच्या जागी थबकले. चहूकडे खडक. घराएवढे धोंडे कुणी एकावर एक रचून ठेवल्यासारखे; एक तर थेट अळंब्यासारखा, बारीक देठावर तोललेला. अण्णांनी चपलेच्या टाचेनं जमीन ठोकली. परत ठोकली. शिपायाला विचारलं, "पानी किधर तक येतं?"

"पानी? वो उधर है ना, फिल्टर. पी लेव."

लेकीला दहावीला नव्वद टक्के पडले तेव्हाही अण्णांच्या तोंडावर असं समाधान मी पाहिलं नव्हतं. टेप खिशातून निघालीच नाही. बारावीनंतर इथे सलग पाच वर्षांचं एमए आहे, असं लेकीनं सांगितलं. अण्णांनी बोटं मोजली. "पाच पावसाळे. काय हरकत नाय."

परतीच्या गाडीत अण्णा घोरायला लागल्यावर मी तिला म्हटलं, नशीब तुझं, हैदराबाद शेवटी आलं. तिनं मोबाइल पुढे धरला. त्याच अळंब्यासारख्या धोंड्याचा फोटो, जानेवारीतच उतरवून ठेवलेला.

"काका, बनारस आधी मीच घ्यायला लावलं. अण्णांना पहिली नदी दाखवायची, मग खडक."

दुसऱ्या दिवशी नाक्यावर अण्णांना गाठून कुणीतरी विचारलं, काय शिकवतात तिथे?

"खाली सगळा खडक हाय," अण्णा म्हणाले. "अखंड."