पेनड्राइव्हदादा

गावागावात एक पेनड्राइव्हदादा असतो. तळेघरचा दादा त्यातला मुरलेला. भीमाशंकरच्या बाजूला ढग कुठं टेकलाय एवढं बघून तो सांगतो, "घोडेगावला जायचं तर आत्ताच निघा." पावसाची लक्षणं त्याला बरोब्बर कळतात. कळत नाहीत ती गळ्यातल्या पेनड्राइव्हची.

त्या सोळा जीबीत सगळा गाव नांदतो. प्रकल्प कार्यालयात द्यायचे अर्ज, सातबारे, बचत गटाचे ठराव, हळदीची गाणी, तीन लग्नांचं शूटिंग. दुसरी प्रत? "कशाला? गळ्यातच तर असतो!"

गेल्या पावसाळ्यापासून तो पेनड्राइव्ह कुरकुरतोय. एक फोटो उतरवायला चहा उकळून थंड होईल इतका वेळ. दादा म्हणतो, "कॉम्प्युटर जुना." मध्येच गायब होतो, पुन्हा उगवतो. "पोर्ट सैल." हात लावला तर चटका बसतो. "चांगला चालू आहे म्हणून तापतो." फाइलींच्या नावांजागी चौकोन आणि फुल्या दिसू लागल्या, तेव्हा निदान झालं, "व्हायरस." उपचारही ठरलेले: फुंकर मारणं, शर्टाला पुसणं, आणि दमट हवेत रात्रभर इंद्रायणी तांदळाच्या डब्यात ठेवणं.

आतल्या चिपवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, मग तिच्या पेशी थकतात, हे दादाला पटत नाही. "त्यात फिरणारं काही नाही, मग झिजेल काय?"

एके दिवशी कॉम्प्युटरनं बजावलं, यावर आता काही लिहिता येणार नाही. झिजलेले पेनड्राइव्ह कधीकधी लिहिणं बंद करतात आणि वाचण्यापुरते शिल्लक राहतात. सगळं उतरवून घ्यायची ती शेवटची संधी. दादाची छाती मात्र फुगली. "बघा, आता कुणाच्या बापाला काही पुसता येणार नाही!"

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करायचं का? "एवढं अदबीनं विचारतोय, नाही कसं म्हणायचं?" दादानं 'हो' दाबलं. नशीब, लिहिणंच बंद असल्यानं फॉरमॅट झालं नाही. त्याचंही श्रेय दादानं तांदळाला दिलं.

तुमचा पेनड्राइव्ह रेंगाळला, तापला, गायब झाला किंवा फॉरमॅट मागू लागला, तर आधी निघेल तेवढं दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. मग खुशाल दादाला दाखवा. त्याआधी नको.