दहा सेकंदांत काय ते ठरवा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप हवी, प्रोसेसरही यादीतला हवा. कालपर्यंत मुलांचे प्रोजेक्ट आणि सोसायटीचे हिशेब बिनबोभाट करणारा लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला.

लॅपटॉपला कुणी विचारलं?

मग भाचा अवतरतो. खिशात पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट. "मामा, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, आणि विंडोज जसंच्या तसं राहील." पहिलं शंभर टक्के खरं. दुसरं बऱ्यापैकी. तिसऱ्यासाठी बॅकअप घेतात.

कारण 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि 'डिस्क पुसून बसवा' हे पर्याय एकाखाली एक असतात. लग्नाचे फोटो नेमके कुठल्या ड्राइव्हवर होते, हे माणसाला क्लिक केल्यावरच आठवतं.

बसलं एकदाचं. आता मशीन सुरू केलं की ग्रबचा मेनू विचारतो, विंडोजमध्ये जायचं की लिनक्समध्ये? मुदत साधारण दहा सेकंद. तेवढ्यात चहा आणायला उठलात, तर निर्णय त्याने घेतलेला असतो.

घड्याळाची तऱ्हा और. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी धरतो, विंडोज स्थानिक. म्हणून कित्येकदा लिनक्समधून विंडोजमध्ये परतलात, की दुपारी तीनला कोपऱ्यात सकाळचे साडेनऊ. एकाच टेबलावर मुंबई आणि ग्रीनिच! एका कमांडचं काम आहे. ती कमांड फक्त भाच्याला पाठ असते.

त्यात विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे निव्वळ डुलकी. अशा अर्धवट झोपलेल्या ड्राइव्हवर लिनक्स काही लिहीत नाही. शहाणपणा त्याचा. शिव्याही त्यालाच.

"लिनक्स आपल्याला नाही हो जमायचं!" हे वाक्य बहुधा अँड्रॉइड फोनवरून ऐकू येतं. त्याचा गाभा लिनक्सचाच. जगातले सर्वांत वेगवान पाचशे संगणक २०१७पासून लिनक्सवरच चालतात. केरळच्या सरकारी शाळांतली पोरंही त्यावरच शिकतात.

मग आपलं घोडं कुठे अडतं?

टॅलीपाशी. आणि सेक्रेटरींनी कुठल्याशा जुन्या फॉण्टात टाइप केलेल्या इतिवृत्तापाशी. तो फॉण्ट नसला की ठरावाच्या जागी नुसती चिन्हांची भेळ. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं, तर कुठेही वाचता आलं असतं. पण सेक्रेटरींना सांगणार कोण?

लिनक्सवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये. आज मिंट, पुढच्या रविवारी फेडोरा, मग आर्च. त्या मशीनवर काम कधी होतं, हे विचारायचं नसतं.

करून बघायचंय? जरूर बघा. बॅकअप आधी. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवा, डिस्कला हात लावू नका. वायफाय लागलं आणि प्रिंटरने कागद ओढला, तरच पुढे जा.