नव्या पोटात जुना एक्सपी

लग्नसराई जवळ आली की खामगाव-मेहकरकडच्या पत्रिकांच्या दुकानात नवा संगणक येतो. त्याचं पहिलं काम म्हणजे जुना होणं. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला काढून घेतला, पण पत्रिकांचे सगळे साचे पानं जुळवायच्या पेजमेकरमध्ये, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. नव्या यंत्राची डिस्क एक्सपी ओळखतच नाही. मग विंडोज ११च्या पोटात आभासी यंत्र, त्याच्या पोटात एक्सपी, त्याच्याही पोटात पेजमेकर. सोळा जीबी मेमरी राबते कशासाठी, तर ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार जागेवर बसावा म्हणून!

हसू नका. फ्रीबीएसडी नावाची संगणकप्रणाली जोपासणाऱ्या विद्वानांचंही वेगळं नाही. नव्या आवृत्तीच्या यंत्रावर जुनी तिच्या कोडमधून बांधायला घेतली की कोडचं भाषांतर करणारा नवा कंपायलर खेकसतो. जुना जे निमूट गिळायचा, ते याला चूक वाटतं. शेवटी वेगळ्या कप्प्यात जुनी आवृत्तीच मांडायची आणि तिच्याच हातून तिला बांधून घ्यायचं. (याला प्रगत तंत्र म्हणतात. खामगावात केलं की जुगाड.)

या जुगाडातून सुटायला दुकानात युनिकोडमध्ये पत्रिका मागून बघा. दुकानदार चष्म्यावरून पाहतो, “लगन मोडाचं हाये काय, भाऊ?”