काज डावीकडे, बटण उजवीकडे

तुळशीचं लग्न लागलं की सटाण्यातल्या टेलर लोकांचा आवाज बदलतो. एरवी "या ना साहेब" म्हणणारा माणूस मान वर न करता नुसता हात हलवतो. देवमामलेदारांच्या यात्रेला नवा शर्ट असावा म्हणून मी गेलो, तर वायदा मिळाला यात्रेनंतरचा. वर शिलाई अशी सांगितली की मी कापडाची पिशवी काखोटीला मारून बाहेरच पडलो. या देवमामलेदारांनी, म्हणजे यशवंतराव महाराजांनी, १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना उघडून बागलाणच्या लोकांना वाटला. त्यांच्या यात्रेला जायला माझ्या खिशातून एका शर्टाची शिलाई निघेना.

"घरी आईचं मशीन आहे की," मी हिला म्हणालो.

"आहे," ती म्हणाली. ही एका शब्दात उत्तर देते तेव्हा माणसाने तिथेच थांबावं. पण मी बँकेतून निवृत्त झालेलो. व्हाउचरवर लाल रेघ मारण्यापलीकडे हातांनी काही केलेलं नाही, ही रुखरुख होतीच.

मशीन म्हणजे जुनं, पायाचं सिंगर. काळ्या अंगावर सोनेरी नक्षी आणि मधोमध पंखवाली, बाईच्या तोंडाची सिंहीण. ती इजिप्तची स्फिंक्स, हे मला फार उशिरा कळलं. आई तिला देवीच समजायची. दर दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ आणि त्या सिंहिणीला हळदकुंकू. स्कॉटलंडच्या कारखान्यातून आलेली इजिप्तची बाई आमच्या ओट्यावर इतकी वर्षं सवाष्णीचा मान घेत होती आणि तिने कधी कुरकूर केली नाही. कुरकूर सुरू झाली ती माझा हात लागल्यावर.

चाक जड फिरत होतं. तेल हवं एवढं मला समजलं. मशीनचं तेल वेगळं मिळतं हेही ऐकून होतो, पण घरात खोबरेल असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे? दिसेल त्या भोकात खोबरेल सोडलं. चाक लोण्यासारखं फिरू लागलं आणि मी समाधानाने झोपलो. बागलाणच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं, हे मी जन्मापासून बघतोय. ते मशीनमध्येही गोठणार, हे मात्र सकाळी कळलं. चाक जागचं हलेना. मग मशीनचं डोकं उचलून अंगणात उन्हाला ठेवलं. येणारेजाणारे विचारत होते, "विकायला काढलं का?" शेवटी मिळालेल्या घोटभर रॉकेलने सगळं धुऊन काढलं आणि खरं तेल विकत आणलं. शिलाईतले वाचवलेले पैसे इथपासून गळायला लागले.

पुढे बॉबीन. हल्लीची बॉबीन गोल, चपटी. आईच्या मशीनला लागते ती लांब, काडीएवढी, आणि ती बसते टोकदार शटलमध्ये. दुकानदाराने माझी बॉबीन बोटांत धरून उलटसुलट केली आणि "हे कशाचं आहे?" असं मलाच विचारलं. आईच्या डब्यात होती त्या एकीवरच भागवावं लागलं.

पायाच्या मशीनचं एक गुपित आहे. पायटा कसाही दाबला तरी हलतो, पण चाक आपल्याकडे फिरलं तरच टीप पडते. नवशिक्याच्या पायाने ते हमखास उलटं फिरतं. उलटं फिरलं की दोरा तुटतो, नाहीतर खाली गुंता होतो. गुंता खाली म्हणून मी खालचं शटल काढून तपासत बसलो. हिने येता-जाता सांगितलं, "वरचा दोरा सैल आहे." खालचा गुंता वरच्या सैल दोऱ्याने होतो, हे सत्य मला बँकेच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं, खरं तर तिथेही ते लागू होतं. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात पडली पाहिजे, वर नाही की खाली नाही. हे जमेपर्यंत जुन्या चादरीचा एक काठ मी शिवून शिवून कडक करून टाकला.

गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला आवर्जून अपवाद ठरवलं होतं. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते केलं, असं त्यांचं म्हणणं. मी हे हिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. पुढे वाचलं तर हा आयझॅक सिंगर मूळचा नट, एकाच वेळी अनेक संसार चालवणारा, आणि मुलं वीसहून जास्त. सुईच्या टोकाला नेढं असलेल्या दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंटही एलियास होवेने १८४६ सालीच घेतलेलं, सिंगरचं पेटंट १८५१चं. पुढचं काही मी हिला सांगितलं नाही.

कापड आहेरात आलेलं. आमच्याकडे शर्टपीस हा शिवायचा नसून पुढच्या लग्नात द्यायचा असतो. त्यामुळे या कापडाने किती मांडव पाहिले होते देव जाणे. घडीवरच्या रेषा इस्त्रीनेही जाईनात. त्याच रेषा खडूच्या खुणा समजून मी एका जागी कात्री चालवली आणि पूर्ण बाहीचा शर्ट तिथेच अर्ध्या बाहीचा झाला.

कॉलरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगण्यासारखं उरलं नाही. आत बकरम घालून ती उलटायची आणि सुईने टोकं बाहेर काढायची. माझं एक टोक टोकदार निघालं, दुसरं गोल. ते टोकदार काढायला सुई जरा जोरात घातली, तर सुईसकट टोकच बाहेर आलं.

पण खरा घात केला बाहीने. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात आणि ती हाताने सावरत, दाबत मुंढ्यात बसवतात. मी "थोडी" हा शब्द उदारपणे घेतला होता. जास्तीचं कापड कुठेतरी जाणारच. ते खांद्यावर चुण्या होऊन गोळा झालं आणि दोन्हीकडे टुमदार फुगे आले. ही चहा घेऊन आली, बाहीकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "अशी फुग्याची बाही मी ब्लाउजला मागितली तर टेलर जादा पैसे घेतो."

राहिली काज-बटणं. आपले बाराबंदी घालणारे पूर्वज सुखी होते, बंद बांधला की काम संपलं. आईच्या मशीनला सरळ टिपेशिवाय काही येत नाही. तेव्हा काज हातानेच. ब्लेडने चीर द्यायची आणि कडेने दाट काजटाका घालायचा. पहिली चीर बटणापेक्षा मोठी पडली, ते बटण आजही आपल्या मर्जीने आत-बाहेर करतं. बाकीची काजं मात्र मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून अशी सुबक घातली की माझं मलाच कौतुक वाटलं. पुरुषाच्या शर्टाला काज डाव्या बाजूला, बटण उजव्या, हा नियम मी कागदावर लिहून समोर ठेवला होता. शर्ट खाटेवर समोर पसरला होता आणि डावी बाजू मी माझी धरली. अंगात घालणाऱ्याची धरायची असते.

बटणं लावून शर्ट अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिलो. खांद्यावर फुगे, उजवी पट्टी डावीवर. तेवढ्यात शेजारचे आप्पा कांद्याचा भाव विचारायला आले. माझ्याकडे खालीवर बघून म्हणाले, "हाऊ सदरा कोना शे, भो? वहिनीना शे का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि आता तो खरोखरच तिचा आहे. आमच्याकडे मळ्यात जाताना बायका साडीवर शर्ट घालतात, उन्हासाठी आणि डाळिंबाच्या काट्यांसाठी. सैल बाहीत तिचा हात मोकळा फिरतो, काज-बटण तिच्या सवयीच्या बाजूला आहेत आणि कॉलर पदराखाली झाकली जाते. मशीनवर आता तीच बसते. यात्रेला मी तयार शर्ट विकत घेऊन गेलो, साईज बेचाळीस.