आणणाऱ्याला वाट, नेणाऱ्याला मज्जाव

घर आवरण्याविषयी आजवर छापून आलेले सगळे सल्ले कापून ठेवले, तर त्या कात्रणांसाठी एक वेगळा खण लागेल. बऱ्याच घरांत तो आहेही, आणि दर दिवाळीला तो उघडून, एकेक कात्रण वाचून, पुन्हा जपून बंद केला जातो. या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घरात पसारा होतो, कारण घरातली माणसं आळशी किंवा अव्यवस्थित असतात. म्हणून मग घड्या कशा घालाव्यात, बरण्यांवर चिठ्ठ्या कशा चिकटवाव्यात, खणात कप्पे कसे पाडावेत, हे शिकवलं जातं. मराठी गृहिणीला हे शिकवणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ कसा सोलावा ते सांगणं. साडेचारशे चौरस फुटांत पाच माणसं, दोन पाहुणे, वर्षाचं तिखट, गणपतीचं मखर आणि लग्नातला रुखवत बसवून वर ‘जागा आहे हो, या की’ म्हणणाऱ्या बाईला रचना येत नाही, असं म्हणण्याचं धाडस कोणी करू नये. रचना उत्तम येते. दुखणं वेगळंच आहे. आपल्या घरांत वस्तू येण्याचे रस्ते वाढत गेले आणि जाण्याचे रस्ते एकेक करून बंद झाले. पसारा म्हणतात तो याचा परिणाम.

याचा पुरावा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघर पाहायला मिळतो. माळा रिकामा केला जातो. टीव्हीचं खोकं खाली येतं, त्यातलं थर्माकोल खाली येतं, जुना मिक्सर, त्याचं मोडकं भांडं, मुलाचा वॉकर (मुलगा आता बँकेत आहे), एका पायाने अधू असलेली घडीची खुर्ची, कुकरच्या तीन जुन्या रिंगा आणि कशाची तरी चावी. सगळं पुसलं जातं. त्यावर कुटुंबाची साधकबाधक चर्चा होते. मग सगळं त्याच क्रमाने वर जातं, फक्त वॉकर आता उजवीकडे असतो. याला आपण आवराआवर म्हणतो, पण खरं तर ते वस्तूंचं वार्षिक स्नेहसंमेलन असतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी केरसुणी पूजायची आणि काही घरांत त्या रात्री सूप वाजवत अलक्ष्मीला बाहेर काढायचं, ही आपली रीत. अलक्ष्मी बिचारी निमूट जाते. थर्माकोल जात नाही.

पूर्वी नको असलेलं सामान घराबाहेर का जात असे, हे पाहण्यासारखं आहे. मागच्या पिढीतल्या चाळीत किंवा वाड्यात वस्तूला बाहेर नेणारी माणसं ठरलेली होती आणि ती दारात येत असत. कपड्यांना बोहारीण होती. रद्दीला तराजूवाला होता, लोखंड आणि बाटल्यांना भंगारवाला. पितळेचं भांडं चेपलं की भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून जाई आणि वजनाने पैसे वळते होऊन नवं येई. यांपैकी कोणीच घेणार नाही असं जुनेर गोधडीत जाई. गोधडीही विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्यानंतर मोरीतलं फडकं. म्हणजे लुगड्याला मरेपर्यंत नोकरी होती. त्या घरांत वस्तू कमी होत्या हे खरं, पैसा कमी होता हेही खरं; पण असलेली वस्तू निरुपयोगी झाल्यावर ती नेमकी कोणाच्या हातात जाणार, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. आज हाच प्रश्न विचारून पाहा. मोबाइलचे चार जुने चार्जर कोणाला द्यायचे? घरातला पदवीधरसुद्धा खिडकीबाहेर बघतो.

बोहारणीचं काम तर आपण फारच कमी लेखलं. जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देणारी बाई, एवढंच तिचं वर्णन आपण करतो. तिचं खरं काम वस्तूची किंमत ठरवण्याचं होतं, आणि हे काम घरातल्या माणसाला जमत नाही हे आता अर्थशास्त्रानेही मान्य केलं आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं चिन्ह असलेले साधे मग वाटले आणि म्हणाले, आता बाकीच्यांना विका. ज्यांच्या हातात मग होता, त्यांनी मागितलेली किंमत ही विकत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरली. मग तोच, मुलं तीच. फरक इतकाच, की थोड्या वेळापूर्वी तो ‘माझा’ झाला होता. या तिघांपैकी काहनेमन आणि थेलर यांना पुढे नोबेल मिळालं. बोहारणीला काही मिळालं नाही. ती मात्र हे सगळं ओळखून होती. साडी हातात घेऊन ती उजेडाकडे धरायची, काठाजवळ बोटाने ताणून पाहायची, ब्लाऊज असेल तर काखेत, पँट असेल तर बैठकीपाशी आणि चेनपाशी नजर टाकायची आणि म्हणायची, ‘विरलीय हो ताई, आणखी दोन टाका.’ बारशाच्या वेळची साडी, मामांनी आणलेली, गर्भरेशमी वगैरे सगळा इतिहास त्या एका वाक्यात निकालात निघायचा. मालकिणीला राग यायचा, घासाघीस व्हायची, पण साडी जायची, आणि जाताना बदल्यात हातात पातेलं असायचं म्हणून गेल्याचं दुःख व्हायचं नाही. घराबाहेरच्या माणसाने भाव सांगितल्याशिवाय वस्तूवरची माया सुटत नाही. आवराआवरीचे सल्ले मात्र तुम्हालाच न्यायाधीश करतात, आणि आरोपी तुमच्या मांडीवर बसलेला असतो.

आता सोसायटीच्या फाटकाशी जाऊ. तिथे एक पाटी असते: ‘फेरीवाले व विक्रेते यांना सक्त मनाई.’ या पाटीखालून सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत खोकी आत जात असतात. दूध, भाजी, बूट, पडदे, आणि दहा मिनिटांत पोचणारा कोथिंबिरीचा जुडा. आणणाऱ्याची नोंद होते, ओटीपी विचारला जातो, पहारेकरी त्याला मजलाही सांगतो. त्याच फाटकाशी डोक्यावर गाठोडं आणि काखेत भांड्यांची पाटी घेतलेली बाई आली, तर तिला हटकलं जातं. सुरक्षेचा मुद्दा असतो म्हणे. दिवसाला चाळीस अनोळखी माणसं वस्तू घेऊन आत आली तर सुरक्षा शाबूत, आणि महिन्यातून एक बाई वस्तू घेऊन बाहेर गेली तर धोका, या हिशेबाने घराचं गोदाम झालं नाही तरच नवल. पुण्यात कचरावेचक आणि भंगार गोळा करणाऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. शहराची किती घाण ही माणसं उचलतात याबद्दल परिसंवादांत टाळ्या वाजतात. टाळ्या वाजवणारे त्याच पाटीच्या सोसायटीत राहतात.

इथे कोणी म्हणेल, हा सगळा गतकाळाचा गहिवर झाला. जगाने यावर नवे उपाय शोधले आहेत. शोधलेत खरे. जपानच्या मारी कोन्दो यांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘हिच्यामुळे आनंद होतो का?’ असं मनाला विचारायला सांगितलं आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या मालिकेतून ते घरोघर पोचलं. त्यांच्या सांगण्यातला एक भाग मला पटतो: खोली धरून आवरू नये, प्रकार धरून आवरावं. घरातले सगळे डबे एकदा जमिनीवर एकत्र आले, की श्रीखंडाचे रिकामे डबे किती आहेत हे पाहून माणूस आपोआप गंभीर होतो. पण आनंदाची कसोटी आपल्याकडे टिकत नाही. झारा, चिमटा, कुकरची शिट्टी आणि वीजबिलाची फाइल हातात घेऊन आजवर कोणाला आनंद झाल्याचं ऐकिवात नाही. उलट ज्याचा काही उपयोग नाही अशा प्रत्येक वस्तूमुळे आपल्याला गदगदून येतं. निरोप देताना वस्तूचे आभार माना, असंही त्या सांगतात. आपण खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजणारी माणसं. ज्या वस्तूला हळदकुंकू वाहिलं ती भंगारात द्यायची म्हणजे पाप लागतं. खुद्द कोन्दोबाईंनी तिसऱ्या मुलानंतर, २०२३ मध्ये, घर नीटनेटकं ठेवण्याचा आग्रह आपण बराचसा सोडल्याचं मोकळेपणाने सांगितलं. त्याबद्दल त्यांचा आदर वाढतो.

सर्वांत जुना आणि सर्वांत बळकट आक्षेप म्हणजे ‘लागेल कधीतरी’. तो हसण्यावारी नेऊ नये, कारण टंचाई पाहिलेल्या माणसांचं ते शहाणपण होतं, आणि वस्तू टाकल्यावर आठच दिवसांत ती लागते हाही नियम सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिशेब करा. जागेचा दर चौरस फुटाला दहा हजार रुपये धरू. शहरात हा काही फार झाला असं कोणी म्हणणार नाही. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी व्यायामाची सायकल आठ चौरस फूट अडवते. म्हणजे जिच्यावर ओले टॉवेल वाळतात तिच्याखाली ऐंशी हजारांची जमीन आहे. टॉवेलसाठी नायलॉनची दोरी परवडली असती. बारीकसारीक वस्तूंचं याहून सोपं आहे. खिळे, वॉशर, दोन पिनांचा प्लग हे सारं कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला आपल्यासाठीच साठवून बसलेला असतो, आणि त्या जागेचं भाडंही तोच भरतो. जे त्याच दिवशी शंभर-दोनशे रुपयांत कोपऱ्यावर मिळतं, ते त्याच्याकडेच राहू द्यावं. शिवाय माळ्यावर वस्तू टिकते हा भ्रम आहे. रबर चिकट होतं, इलॅस्टिक सैल पडतं, खेळण्यातल्या बॅटऱ्या गळतात आणि मुलाचे बूट नातवापर्यंत पोचेतो तळवा सोडतात. वेळेवर दिले असते तर कोणाच्या तरी पायात झिजले असते. फेकणं ही उधळपट्टी आहे, हे कबूल. सडवणं ही काटकसर कशी?

भावनेचा आक्षेप उरतो, आणि तिथे मी नरम पडतो. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावरसुद्धा नाव असतं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, देणाऱ्याचं आडनाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’ आणि तारीख. असं पातेलं मोडीत घालताना आपण एका आत्यालाच तराजूत बसवतो आहोत असं वाटतं. लग्नपत्रिकांवर गणपती असतो, जुन्या कॅलेंडरांवर देव आणि मागे दुधाचा हिशेब; दोन्ही कचऱ्यात घालवत नाहीत. यावर तर्काने उत्तर नाही, तडजोड आहे. प्रत्येक माणसाची एक वस्तू ठेवा आणि तीही वापरात ठेवा. आत्याच्या पातेल्यात रोज भात झाला तर आत्याची आठवण रोज निघेल. माळ्यावर पोत्यात बांधलेल्या आत्याची कोणी चौकशी करत नाही. देवांची चित्रं कापून एका पाकिटात घाला, बाकीचा कागद रद्दीत द्या. तेवढ्यावर कुठला देव रागावल्याचं दिसत नाही.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष करायचं काय याचा. पहिली गोष्ट, नवं कपाट घेऊ नका. दिवाण, पेटीचा पलंग, पायरीखालचे खण ही सामान ठेवायची सोय नसून सामानाला दिलेलं आमंत्रण आहे. रिकामा कप्पा घरात आठवडाभरही टिकत नाही. दुसरी गोष्ट क्रमाची, आणि सगळी मेख तिथेच आहे. आपण आधी आवरतो आणि मग, हे कोणाला द्यायचं, म्हणून थांबतो. तोवर कोणीतरी ते वर ठेवून देतं. क्रम उलटा करा. रद्दीवाल्याला शनिवारी चार वाजता बोलावून ठेवा आणि मग शनिवारी दुपारी आवरायला बसा. तो जिना चढताना ऐकू आला की, दहा वर्षं न सुटलेले निर्णय दहा मिनिटांत सुटतात. जुन्या तारा, चार्जर आणि बंद पडलेले फोन त्याच्या गोणीत घालू नयेत, ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत. मुदत संपलेली औषधंही कोणाला देऊ नयेत. बाकीच्या सामानासाठी दाराशी एक पिशवी टांगून ठेवा आणि भरली की बाहेर काढा, मधे उघडून बघू नका. डब्यांच्या बाबतीत एकच परीक्षा पुरते: ज्याचं झाकण सापडत नाही तो डबा जातो, आणि ज्या झाकणाचा डबा सापडत नाही तेही जातं, कितीही सुंदर असलं तरी.

पण एकेका घराने हे किती दिवस करायचं? वाट फाटकाशी अडली आहे, ती तिथेच मोकळी करावी लागेल. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या आवराआवरीच्या आधी. सभेला जाच. पार्किंगचं भांडण संपलं, की महिन्यातला एक रविवार बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला यांना आवारात रीतसर बसू द्यावं, असा ठराव मांडा. विषयपत्रिकेवर नसेल तरी हरकत नाही. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हे कलम अशाच कामासाठी असतं. आणि कोणी सुरक्षेचा मुद्दा काढलाच, तर त्यांच्या दारात त्या दिवशी किती खोकी आली ते पहारेकऱ्याच्या वहीतून वाचून दाखवा.