गादीपाट आणि शिसे

ठासणीच्या बंदुकीचा शौकीन बंदुकीपेक्षा साच्यापायी जास्त वणवण करतो, हे मला पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यावर कळले. अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर परगण्यातले जर्मन कारागीर एकेक नळी हाताने घडवायचे. एका नळीचे माप दुसरीला लागायचे नाही. म्हणून प्रत्येक बंदुकीबरोबर तिच्याच मापाच्या गोळ्या ओतायचा साचा दिला जाई, सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण धाडावी तसा. पुढे पिढ्या उलटल्या, वाटण्या झाल्या, बंदूक एका घरी गेली आणि पाठराखीण दुसऱ्या. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा कितीतरी पाठराखिणी अजून बसून असतात: लांब दांड्यांचे लोखंडी चिमटे, तोंडाशी दोन अर्धगोल पोकळ्या मिटून धरलेल्या. कुणाची वाट पाहायची, हेही आता त्यांना आठवत नसावे.

माझ्या शेजारचे निवृत्त गृहस्थ या बाजारांतून खिशात कॅलिपर घालून हिंडतात. त्यांच्या बंदुकीची नळी अर्ध्या इंचाची, म्हणजे ०.५०. तिला गोळी लागते ०.४९० इंचाची. काही नळ्या ०.४९५ मागतात, आणि या पाच सहस्रांशांवर, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीवर, त्यांची एखादी दुपार सहज निघून जाते. गोळी आणि नळी यांच्यामधली फट बुजवायला कापडाचा तुकडा लागतो, आणि त्यासाठी पसंतीचे कापड म्हणजे उशा-गाद्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट. तो तोंडात धरून लाळेने ओला करायचा, त्यात गोळी गुंडाळायची आणि गजाने ठासायची. एवढ्या दणक्याच्या वस्तूच्या पोटात झोपेचे कापड असते, हे कळल्यापासून मला बंदुकीची भीती थोडी कमी वाटते.

साचा मिळाला तरी तो लगेच नांदत नाही. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, पण साचा गार असला तर गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. फार तापला तर त्यांच्यावर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी झाक येते. शेजारी पोकळीला मेणबत्तीची काजळी धरतात. त्याने शिसे नीट भरते आणि गोळी किंचित बारीकही होते. जाड हवी असेल तर दोन पाख्यांच्या मध्ये अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावायची, किंवा पोकळी बारीक पूड घालून घासायची. घासलेली मात्र पुन्हा भरून येत नाही. सुरकुतलेल्या गोळ्या ते निमूटपणे मुशीत परत टाकतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असे करताना शिशाचा थोडा हेवा वाटत असेल का, हे विचारायचे मी टाळतो.

आपल्याकडची ‘बारा बोअर’ हीसुद्धा या ओतकामाचीच आठवण, हे त्यांच्याकडूनच समजले. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यातली एक जिच्यात बसेल ती बारा बोअर. कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना हा पौंडाचा हिशेब सांगितला, तर ते आधी शिशाचा भाव विचारतील.

ओतकामाची त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट मात्र न्यूयॉर्कची. ९ जुलै १७७६ ला तिथल्या बोलिंग ग्रीनवरचा इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या जॉर्जचा, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा अश्वारूढ पुतळा लोकांनी दोर लावून पाडला. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला, ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोचले. तिथे घरच्या आणि शेजारपाजारच्या बायकामुलांनी राजा वितळवून ४२,०८८ काडतुसे केली. हिशेब नावानिशी ठेवलेला आहे: रूथ मार्विन ११,५९२, मेरी ॲन १०,७९०, आणि वॉलकॉटांचा धाकटा फ्रेडरिक, वय वर्षे आठ, ९३६. या नऊशे छत्तिसांत त्याने चटके किती खाल्ले, ते नोंदलेले नाही. घोड्याची शेपटी मात्र वाचली; ती आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे.

ही गोष्ट सांगताना शेजाऱ्यांना राजाची हळहळ वाटत नाही, स्वातंत्र्याचा उमाळाही येत नाही. त्यांचा जीव अडकतो तो साच्यांत. एका साच्याचे हे काम नव्हे, चार-पाच तरी असणार. तरी एकेकाला आठ-दहा हजार गोळ्या! पोकळी नक्कीच फाकली असेल, शेवटच्या गोळ्या पहिल्यांहून जाड निघाल्या असतील, आणि त्या ठासताना कुणा बिचाऱ्या शिपायाची दमछाक झाली असेल. किती जाड, याचे गणित ते पाकिटाच्या पाठीवर मांडू लागतात, आणि मला विचारतात, आठ वर्षांच्या पोराच्या ओतण्याला काही वेगळी सूट धरावी का?